परक्या बांधावर आपली पोरं

पलटण परदेशात धाडायची केव्हा आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न जितका दिल्लीचा तितकाच आजऱ्याचाही

आजरा : घनसाळ भाताची मळणी उरकली, पोती घरात आली की आजरा तालुक्यात दोन विषयांवर बोलणे सुरू होते. उसाला तोड कधी मिळणार आणि भरती कधी निघणार. आंबोली रस्त्याला, गडहिंग्लज रस्त्याला पहाटेच्या धुक्यात पोरे पळताना दिसतात. बेळगावचे मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र इथून फार लांब नाही. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात "घरातलं कोण मिल्ट्रीत हाय का?" असे सहसा कुणी विचारत नाही. "कुठल्या पलटणीत हाय?" असेच विचारतात.

पोरगं काश्मीरला आहे, अरुणाचलला आहे म्हटले की ते साऱ्यांना समजते. तो आपला बांध आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण आपली पलटण समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या मुलखात गेली तर? तिथे कुणाचा बांध राखायचा, कुणाच्या सांगण्यावरून आणि किती दिवस? हा विषय पारावर फारसा निघत नाही. निघाला तरी "ते सरकारचं काम" म्हणून सोडून दिला जातो. हा लेख त्या विषयावर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. भरती झालेला जवान शपथ घेतो, ती जमिनीवरून, पाण्यातून किंवा हवेतून, जिथे हुकूम होईल तिथे जीव धोक्यात घालून जाण्याची. म्हणजे त्याचा होकार पहिल्याच दिवशी देऊन झालेला असतो. पुढे त्याला "कशाला?" असे विचारता येत नाही, आणि विचारूही नये. पलटण तशी चालत नाही. म्हणूनच तो प्रश्न त्याच्या मागे राहिलेल्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, विचारायचा असतो.

न विचारता नेलेली माणसे

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या घरात माणसे समुद्रापार गेली किंवा युद्धाच्या कामाला लागली. त्यांतली चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनीही तेव्हा मराठा तरुणांच्या भरतीला उत्तेजन दिले होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांत कोकणातली आणि घाटावरची शेतकऱ्यांची पोरे होती.

इंग्रजांना सुरुवातीला बसरा आणि इराणातले तेल सांभाळायचे होते. ते साधले, तशी बगदादची हाव सुटली. फौज पुढे पुढे रेटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत या गावात तुर्कांनी तिला वेढा घातला. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले, तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडात घातले नाही आणि उपासमारीने खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले. मराठा पलटणींच्या शौर्याची नोंद झाली, ११७ व्या पलटणीला 'रॉयल' हा किताबही मिळाला. पण कूतला का जायचे, हे मावळातल्या किंवा तळकोकणातल्या एकाही घराला कुणी विचारले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात तेच झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर करून टाकले. इथल्या एकाही पुढाऱ्याला विचारले नाही. त्याच्या निषेधार्थ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही होते. तरी पंचवीस लाखांवर माणसे फौजेत गेली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. वय अवघे बावीस. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावर जखमी साथीदारांना पाठीवरून ओढून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता त्याच वेळी आपल्या शेजारी काय चालले होते ते बघा. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि सात जण हुतात्मा झाले. म्हणजे एकाच मुलखातली काही पोरे इंग्रजाच्या बाजूने आफ्रिकेत लढत होती आणि काही इंग्रजाविरुद्ध गारगोटीत. दोन्हीकडची हिंमत सारखीच होती. हिटलर-मुसोलिनी हरले हे जगाच्या भल्याचेच झाले, यात शंका नाही. पण काम चांगले असले तरी घरमालकाला न विचारता त्याचे बैल जुंपून नेले, तर त्याला नेणेच म्हणायचे, देणे नव्हे.

१९७१ : वापसा बघून पेरणी

स्वातंत्र्यानंतर निर्णय आपल्या हातात आला. त्यातला सर्वांत नीट घेतलेला निर्णय १९७१ चा. पूर्व पाकिस्तानात तिथल्याच लष्कराने कत्तल मांडली आणि एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या हद्दीत आले. शेजारच्या घरची आग आपल्या गंजीपर्यंत आली होती, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही एप्रिलमध्येच फौज घुसवली नाही. लष्करप्रमुख माणेकशॉ यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकिगत शेतकऱ्याला लगेच पटेल अशी आहे. त्यांनी मंत्रिमंडळाला सांगितले की पावसाळा तोंडावर आहे, बंगालच्या नद्या समुद्रासारख्या होतील आणि रणगाडे चिखलात रुततील. शिवाय पंजाबात, उत्तर प्रदेशात गव्हाची कापणी आहे. रेल्वेचे डबे आणि रस्ते मला लागले तर गहू हलणार नाही, देशात दुष्काळ पडेल. या हकिगतीच्या तपशिलांवर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण फौज डिसेंबरपर्यंत थांबली हे खरेच आहे.

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि युद्ध सुरू झाले. मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे जुनी जंगी पलटण, जमालपूरला लढली. १६ डिसेंबरला ढाक्यात ९३ हजार जण शरण आले. त्यानंतरची गोष्ट लोक विसरतात. मार्च १९७२ मध्ये आपली फौज बांगलादेशातून परत निघाली. काम काय ते आधी ठरलेले होते, तिथले लोक बरोबर होते, आणि काम संपताच आपण घरी आलो.

श्रीलंका : दोन्हीकडून मार

सोळा वर्षांनी नेमके उलटे घडले. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे टाकायची, श्रीलंकेने तमिळ भागाला अधिकार द्यायचे आणि शांतता राखायला भारताची फौज जायची. गोळीबार थांबल्यावर ७२ तासांत शस्त्रे जमा होतील, असे कागदावर लिहिले होते. फौजेचे नावच 'शांतिसेना' होते. जवानांनाही वाटले की महिना-दोन महिन्यांचे काम आहे.

करार दोन सरकारांचा होता. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या लिट्टेला तो मनापासून मान्य नव्हता. ऑक्टोबर १९८७ मध्ये त्यांच्याशीच लढाई जुंपली. जाफना विद्यापीठावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाईट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला. शत्रू नेमका कुठे, किती, याचा अंदाज पार चुकला होता. गावातल्या माणसांतच लढणारे मिसळलेले होते आणि वाटेवर सुरुंग पेरलेले होते. एका डिव्हिजनने सुरू झालेली मोहीम वाढत वाढत सत्तर हजारांच्या वर गेली. त्यात मराठा पलटणी होत्या, महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्यालाच मारले आणि मग प्राण सोडला. त्या मोहिमेतले एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले.

लिट्टे आपल्याला शत्रू समजत होतेच, पण बोलावणाऱ्या सरकारचेही मन बदलले. १९८९ साली नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय फौजेला "चालते व्हा" म्हणून मुदत दिली. एवढेच नव्हे, तर आपल्या फौजेविरुद्ध वापरायला त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रे पुरवली. सिंहली लोक म्हणत परके लष्कर, तमिळ म्हणत आपल्यावरच उलटलेले लष्कर. भावकीच्या भांडणात मध्ये पडणाऱ्याची जी गत होते, तीच झाली.

३२ महिन्यांनी, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदराला लागली. अकराशेहून अधिक जवान मागे राहिले होते आणि जखमी काही हजार. परत आलेल्यांच्या स्वागताला तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्रीही गेले नाहीत. वर्षभराने, २१ मे १९९१ रोजी लिट्टेने श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचीच हत्या केली. श्रीलंकेतले युद्ध त्यानंतरही २००९ पर्यंत चालले.

या मोहिमेतून आलेले फौजी आपल्याही भागात आहेत. १९७१ चा जवान सांगायला बसला की ऐकणारे जमतात. श्रीलंकेचा जवान मात्र बऱ्याचदा गप्प असतो. त्याने काही कमी केले नव्हते. त्याला नेमके काय करायला पाठवले होते, हे पाठवणाऱ्यांनीच नीट ठरवले नव्हते. त्याचा दोष त्याच्या माथी मारू नये.

एकदा 'नाही' म्हटले, ते इराकला

जिथे आपल्या पलटणी उपाशी मेल्या त्या इराकात पुन्हा फौज पाठवायची वेळ २००३ साली आली होती. अमेरिकेने मार्चमध्ये इराकवर हल्ला केला. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने त्याची 'निंदा' करणारा ठराव केला. सद्दामची राजवट पडल्यावर अमेरिकेने भारताला सांगितले, एक डिव्हिजन द्या, साधारण सतरा हजार माणसे. दिल्लीत दोन्ही बाजूंनी जोर होता. काहींचे म्हणणे होते की एवढ्या मोठ्या देशाशी दोस्ती होईल, पुढे फायदा होईल.

वाजपेयी सरकारने सर्व पक्षांशी चर्चा केली आणि १४ जुलै २००३ रोजी निर्णय दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, तो नाही म्हणून फौज पाठवणार नाही. पुढच्या वर्षांत इराकात अमेरिकेचेच ४,४०० हून अधिक सैनिक मेले. आपले सतरा हजार तिथे असते तर किती तारा आणि किती फोन कुठल्या कुठल्या गावात आले असते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

मग कधीच जाऊ नये का?

तसेही नाही. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी राजधानी ताब्यात घेतली. तिथल्या अध्यक्षांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून आपले छत्रीधारी सैनिक विमानाने उतरले. काही तासांत काम फत्ते झाले. बहुतेक फौज लवकरच परत आली.

संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली कोरिया, काँगो, सोमालिया, सिएरा लिओन, सुदान अशा अनेक ठिकाणी मिळून दोन लाखांहून अधिक भारतीय जाऊन आले. दीडशेहून अधिक परत आले नाहीत. दक्षिण सुदानात ९ एप्रिल २०१३ रोजी एकाच हल्ल्यात आपले पाच जवान गेले. पण त्यांच्यामुळे कित्येक निर्वासितांच्या छावण्या वाचल्या, हेही खरे.

न जाण्याचीही किंमत असते. १९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. संयुक्त राष्ट्रांची फौज तिथे होती, ती वाढवायच्या ऐवजी जगाने कमी केली. शेजारच्या घरातून किंकाळ्या येत असताना दाराला कडी घालून बसणे, यालाही शहाणपण म्हणत नाहीत.

उलट प्रत्येक संकटाला फौजच लागते असेही नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा तिथे अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना आपण साध्या प्रवासी विमानांनी घरी आणले. एक गोळीही झाडावी लागली नाही.

चार प्रश्न

या सगळ्या अनुभवातून चार प्रश्न निघतात. ते समजायला फार शिक्षण लागत नाही. शेजारच्या गावच्या भांडणात आपली पोरे पाठवायची का, असा विषय तंटामुक्त समितीपुढे आला तर शहाणी माणसे हेच विचारतील.

पहिला : काम काय? 'शांतता राखणे' हे काम मोघम आहे. कुणाला रोखायचे, काय झाले म्हणजे काम संपले, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. १९७१ ला ते सांगता येत होते, १९८७ ला येत नव्हते.

दुसरा : बोलावले कोणी? एका भावाने बोलावले आणि दुसऱ्याचा विरोध असेल, तर आपण पंच राहत नाही, पक्षकार होतो. तिथल्या लोकांची साथ आहे का आणि जगाची संमती आहे का, हे दोन्ही बघावे.

तिसरा : परत कधी? जायची वाट सगळ्यांना दिसते, यायची वाट आधी आखावी लागते. मालदीव आणि बांगलादेश इथे ती होती. श्रीलंकेत बोलावणाऱ्यानेच हाकलेपर्यंत ती सापडली नाही.

चौथा : दुसरा सगळा इलाज करून झाला का? बोलणी, दबाव, व्यापार बंद करणे, आपली माणसे बाहेर काढणे, हे सारे आधी. पलटण शेवटी. पण लोकांची कत्तल सुरू असेल तर हे 'आधी' वर्षभर लांबवू नये.

ठरवतो कोण?

आपल्या राज्यघटनेच्या ५१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय शांतता वाढवावी असे सांगितले आहे. पण फौज परदेशी पाठवण्यापूर्वी संसदेचे मत घेतलेच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. निर्णय मंत्रिमंडळ घेते. श्रीलंकेचा करार झाला, फौज निघाली आणि संसदेत चर्चा नंतर झाली. २००३ साली चर्चा आधी झाली म्हणून घाई टळली. अचानक संकटात, मालदीवसारख्या वेळी, सरकारला तासाभरात ठरवावे लागते हे मान्य. पण महिनोन् महिने चालणारी मोहीम असेल तर लोकसभेत उभे राहून या चार प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत, अशी मागणी करायला काय हरकत आहे?

मागणी करायची कुणी? जिथून जवान जातात त्या गावांनी. खासदार, आमदार मते मागायला येतात तेव्हा आपण रस्ता, पाणी, ऊसदर विचारतो. ते विचारावेच. पण ज्या गावातली दहा-वीस पोरे पलटणीत आहेत, त्या गावाने एक प्रश्न वाढवावा : "आमची पोरं बाहेर धाडायचा विषय निघाला तर तुम्ही सभागृहात काय विचारणार?" २०२२ पासून अग्निपथ योजनेत साडेसतरा वर्षांचा मुलगाही चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. इतक्या कोवळ्या वयात तो शपथ घेतो, तेव्हा मोठ्यांनी विचारण्याची जबाबदारी आणखी वाढते.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्याकडेही एक मागणे आहे. गावातले कोण कुठल्या मोहिमेत होते, याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी. १९७१ चे असतील, श्रीलंकेचे असतील, निळ्या टोपीचे असतील. वारसांचे आणि पेन्शनचे प्रश्न जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेताना ती वही उपयोगी पडेल. १५ ऑगस्टला झेंड्याखाली श्रीलंकेच्या जवानालाही बोलते करावे. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २०१९ पासून त्याच्या साथीदारांची नावे कोरलेली आहेत. गावात मात्र ती अजून बोलली जात नाहीत.

इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर माणसे पुरवणाऱ्या कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावरचा मजकूर. किती गेले आणि किती मेले ते लिहिले आहे, का गेले ते लिहिलेले नाही. त्या वेळी विचारायची सोयच नव्हती. आज ती आहे. पहाटे आंबोली रस्त्याला पळणारे पोर हुकूम आल्यावर काही विचारणार नाही, तेव्हा आपण आधीच विचारून ठेवलेले बरे.